तळ्याची तब्येत अळ्यांना विचारणारा शास्त्रज्ञ

मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून लाल 'ब्लडवर्म' मिळतात. नावात वर्म असलं तरी त्या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या असतात. त्या तळ्याच्या गाळात राहतात. या अळ्यांवरून तळ्याची अवस्था ओळखता येते, हे दाखवून दिलं जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट थीनेमान यांनी.

थीनेमान यांचा जन्म १८८२ साली गोथा इथे झाला. १९०७ मध्ये ते म्युन्स्टरच्या कृषी संशोधन केंद्रात मत्स्यपालन आणि सांडपाणी विभागात रुजू झाले. घाण पाण्याने जलचरांचं काय होतं, हा तिथला रोजचा प्रश्न होता.

पुढे त्यांनी आयफेल भागातल्या तळ्यांचा तळ तपासला. ही तळी आपल्या लोणारसारखीच गोल, पण उल्केने नव्हे तर ज्वालामुखीच्या स्फोटांनी तयार झालेली. काही तळ्यांच्या तळाशी 'टॅनिटार्सस' जातीच्या अळ्या होत्या, काहींत 'कायरोनोमस'च्या. हा फरक कशामुळे? उत्तर ऑक्सिजनमध्ये होतं.

पाण्यात पोषक द्रव्यं वाढली की शेवाळ माजतं. ते मरून तळाशी जातं, कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन संपवतं. उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे तळाला नवा ऑक्सिजन मिळत नाही. टॅनिटार्सस तिथे टिकत नाही. कायरोनोमसच्या अंगात मात्र आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती लाल दिसते आणि कमी ऑक्सिजनवरही तग धरते.

काही तळ्यांत हे निसर्गतःच घडतं. पण गटाराचं पाणी आणि शेतातली खतं तळ्यात आली की तोच बदल काही दशकांत उरकतो. बाटलीत भरलेला नमुना त्या दिवसाचंच पाणी दाखवतो, अळीला मात्र त्या गाळात महिनोन्महिने जगावं लागतं. परिस्थिती जितकी बिघडते तितक्या जाती कमी होतात आणि उरलेल्यांची संख्या फुगते, असा नियमही थीनेमान यांनी मांडला. म्हणजे गाळात जीव वळवळताना दिसले, एवढ्यावरून तळं निरोगी ठरत नाही!

१९१७ पासून चार दशकं त्यांनी प्लोन इथली जलजीवशास्त्र संस्था सांभाळली. १९२२ मध्ये स्वीडनच्या आयनार नाउमान यांच्यासोबत त्यांनी सरोवरशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, ती आजही चालू आहे. १९५४ मध्ये त्यांनी याच माशांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. १९६० साली प्लोनमध्येच त्यांचं निधन झालं. या माशांच्या एका प्रजातीला आज 'थीनेमानिएला' म्हणतात.