दादासाहेब गायकवाड आणि ई-क्लासची जमीन

पेरणी जवळ आली की आमच्या अमडापूरला ई-क्लासचा विषय निघतोच. वर्षानुवर्षे सरकारी पडीक कसणाऱ्याच्या नावे सातबारा नाही. म्हणून पीककर्ज नाही, पीकविमाही नाही. अशा वेळी आम्ही तरुणांना कर्मवीर दादासाहेब गायकवाड सांगतो.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते बाबासाहेबांचे खंदे सहकारी होते. बहुतेक भाषणे दादासाहेबांना तिथेच सोडून देतात. आम्हाला त्यांची पुढची वर्षे मोठी वाटतात.

१९५७ मध्ये ते लोकसभेवर गेले. पंचवार्षिक योजनांचा तो काळ. धरणे, कारखाने उभे राहत होते, पण गावकुसाबाहेरचा मजूर दुसऱ्याच्याच शेतात राबत होता. १९५९ मध्ये दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पक्षातल्या काही शिकलेल्या मंडळींना हे धोतरवाले राजकारण रुचले नाही. त्यांना कम्युनिस्टही ठरवले गेले. अमेरिकेतही १८६५ मध्ये मुक्त झालेल्या काळ्या गुलामांना चाळीस एकरांची आशा दाखवून बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली गेली. जमिनीशिवायची मुक्ती किती अपुरी, हे दादासाहेबांनी नेमके ओळखले होते.

६ डिसेंबर १९६४ ला देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. कडेवर लेकरे घेऊन बायाही तुरुंगात गेल्या. अटकेतल्यांचा आकडा तीन लाखांवर सांगतात. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, एवढीच मागणी नव्हती. धान्याचे भाव आवरा, किमान वेतन कायदा पाळा, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, असेही त्यात होते. बाजारभाव, मजुरी आणि सन्मान त्यांनी एकाच निवेदनात मांडले.

१९६७ मध्ये त्यांनी काँग्रेसशी युती केली. ती चूकच होती, असे आमचे मत आहे. १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली, २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले.

तैलचित्र आणि बौद्धांच्या केंद्रीय सवलती, दोन्ही १९९० मध्ये मिळाले. महाराष्ट्र सरकारने १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. त्याआधीच्या वहितीचा पुरावा ज्यांच्याकडे असेल, मग ती दंडाची पावती असो की जुना पंचनामा, त्यांनी तो जपून ठेवावा आणि झेरॉक्स आमच्याकडे आणून द्यावी.