डॉ. सलीम अली : मामांकडून आलेला वारसा

अफझलगंजच्या नव्या पुलावरून आम्ही रोज मुसी ओलांडतो, पण वर घिरट्या घालणाऱ्या घारींकडे मान वर करून क्वचितच पाहतो. १९३१ साली मात्र एक गृहस्थ निजामाच्या राज्यात केवळ पक्षी पाहायला आले होते. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हेही याच राज्यात होते. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांच्या मुलखातल्या पाखरांची ही नोंद. ते गृहस्थ म्हणजे डॉ. सलीम अली.

त्यांचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. भावंडांत सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. सांभाळले ते मामांनी, आमिरुद्दीन तय्यबजींनी. मामा शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. दहाएक वर्षांच्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे विचारायला मामांनी त्याला सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. पुढचे सारे आयुष्य त्या कप्प्यांतून निघाले. मामा त्या दिवशी पोरावर खेकसले असते तर?

मध्ये ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या धंद्यात गेले, तो बुडाला. मग मुंबईच्या म्युझियममध्ये महिना ३५० रुपयांची नोकरी मिळाली. रजा काढून बर्लिनला शिकायला गेले आणि १९३० साली परतले, तर पैशाअभावी जागाच रद्द झालेली! आम्हा सरकारी नोकरांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग पत्नी तेहमिनासह त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला, समुद्रकाठी मुक्काम हलवला. तिथे सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. मराठीत आपण तिला सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की माद्या येऊन पाहणी करतात. एकीने पसंत केला की तो पुरा करतो, ती अंडी घालते, आणि हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेऊन दुसरी मादी बोलावतो. महिनोन्‌महिने बसून त्यांनी हे टिपले. नोकरी असती तर कदाचित हे घडले नसते.

त्यानंतर हैदराबादची पाहणी. अट एकच : खर्च द्या, पगार नको. तंबू, बैलगाड्या, सोबत तेहमिनाबाई. नमुन्यांसाठी पक्षी मारावेही लागत, हे सांगायला हवे. १९३९ साली बाई अकाली गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य घरांत पोचले.

वारसा मात्र घरातच वाढला. नात्यातल्या लईक फतेहअलींनी त्यांच्यासह १९६७ साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिले. लईकबाईंचे पती जफर यांनी पक्षिप्रेमींसाठी छोटे नियतकालिक चालवले. नात्याने भाऊ लागणारे हुमायून अब्दुलअली बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध झगडले, कारण बेडूक गेला की शेतातले किडे वाढतात. ती निर्यात १९८७ साली बंद झाली. १९७६ साली मिळालेल्या गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर सलीमसाहेबांनी सोसायटीलाच दिले. आमच्या मते हीच त्यांची खरी वाटणी.

१९०० पासून कुणाला न दिसलेला एक रातपक्षी, तेलुगूत कलिवि कोडी, जानेवारी १९८६ मध्ये तेव्हाच्या आपल्याच आंध्र प्रदेशात, कडप्पा जिल्ह्यात, पुन्हा सापडला. शोधला सोसायटीच्या तरुण संशोधकाने, एका स्थानिक माणसाच्या मदतीने. बातमी ऐकायला सलीमसाहेब होते. पुढच्या वर्षी, २० जून १९८७ रोजी, ते गेले.