जुन्या विमानातून नव्या वाटेकडे : बिल लिअर

व्यवसायासाठी स्वतःचे विमान बाळगणे आज उद्योगजगताला नवलाचे राहिलेले नाही. टर्बोप्रॉप घ्यायचे की जेट, नवे की वापरलेले, एवढाच प्रश्न उरतो. ही कल्पना रुजविण्यात मोठा वाटा असलेले विल्यम ऊर्फ बिल लिअर यांनी या क्षेत्रात पाऊल टाकले, ते मात्र जुनी, दोन इंजिनांची विमाने घेऊनच.

२६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या हॅनिबल गावी त्यांचा जन्म झाला. आठवीनंतर शाळा सुटली. पण रेडिओचे तंत्र त्यांनी स्वतःच आत्मसात केले. मोटारीतील रेडिओच्या घडणीत त्यांचा हात होता. पुढे जेट विमानांसाठी तयार केलेल्या स्वयंचलित वैमानिक यंत्रणेबद्दल त्यांना १९४९ सालची प्रतिष्ठेची कॉलियर ट्रॉफी मिळाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉकहीड कंपनीची 'लोडस्टार' विमाने बाजारात विक्रीस आली होती. लिअर यांनी ती घेऊन त्यांचा बाह्याकार सुधारला, वेग वाढविला आणि अंतर्भाग अधिकाऱ्यांच्या प्रवासास साजेसा केला. १९५४ मध्ये अवतरलेल्या या विमानाचे नाव होते 'लिअरस्टार'. उद्योजक विमानासाठी पैसे मोजतो ते थाटासाठी नव्हे, तर वाचणाऱ्या वेळेसाठी, ही त्यांची धारणा होती.

तथापि, जुन्या सांगाड्यातून मिळणाऱ्या वेगाला मर्यादा होती. लिअर यांना लहान जेट हवे होते. त्यांच्याच कंपनीच्या संचालकांना तो जुगार वाटला. अखेर १९६२ मध्ये आपला हिस्सा विकून त्यांनी सारे काही पणाला लावले. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी विचिटा येथे पहिले लिअरजेट आकाशात झेपावले. जून १९६४ मध्ये चाचणीदरम्यान तेच विमान कोसळून नष्ट झाले. वैमानिक बचावले. खचून न जाता दुसऱ्या विमानावर चाचण्या पूर्ण करण्यात आल्या आणि ३१ जुलै १९६४ रोजी सरकारी मान्यता मिळाली. मात्र आर्थिक ओढाताणीमुळे १९६७ मध्ये ही कंपनीही त्यांना गेट्स रबर कंपनीच्या हाती सोपवावी लागली.

सत्तरीत लिअर पुन्हा पंख्याच्या विमानाकडे वळले. टर्बोप्रॉपमध्ये टर्बाइनची शक्ती पंखा फिरविते, त्यामुळे इंधन जेटपेक्षा कमी लागते. मात्र दोन पंखांवरील इंजिनांपैकी एक बंद पडल्यास विमान एका बाजूला ओढले जाते. यावर उपाय म्हणून त्यांनी 'लिअर फॅन'मध्ये दोन्ही इंजिनांची शक्ती शेपटीकडील एकाच पंख्याला दिली. सांगाडाही धातूऐवजी कार्बन तंतूंचा योजला.

ते उड्डाण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १४ मे १९७८ रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पत्नी मोया यांनी काम पुढे नेले आणि १ जानेवारी १९८१ रोजी विमान उडाले. परंतु आवश्यक मान्यता न मिळाल्याने १९८५ मध्ये हा प्रकल्प गुंडाळावा लागला. लिअरजेटचे उत्पादनही २०२२ मध्ये थांबले. तरीही उद्योजकाच्या वेळेभोवती विमान घडविण्याची त्यांची दृष्टी पुढच्या पिढीतील विमानांमध्ये टिकून राहिली.