तंजावरचे सरफोजीराजे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया



आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी दादी किंवा नानी असते, की तिच्या डोळ्यांत मोतियाबिंद उतरला आहे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ऑपरेशनचे नाव काढताच ती घाबरते, आणि घरातील मंडळीही मोतीबिंदू अजून पिकला नाही असे म्हणून दिवस ढकलतात. अशा प्रत्येक घराने दोनशे वर्षांपूर्वीच्या एका मराठी राजाचे चरित्र अवश्य वाचावे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तामिळ प्रदेशात तंजावर येथे राज्य स्थापिले, हे आपण इतिहासात वाचले आहेच. त्याच भोसले कुळात २४ सप्टेंबर १७७७ रोजी सरफोजींचा जन्म झाला. तुळजाजीराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. गादी चुलते अमरसिंह यांच्याकडे गेली. पोरक्या सरफोजींचा सांभाळ श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन पाद्र्यांनी केला व पुढे त्यांना मद्रासेस शिक्षणासाठी पाठविले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले खरे; पण १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती उरला तो तंजावरचा किल्ला आणि तनखा.

एखादा दुसरा राजा अशा वेळी ऐषारामात बुडून गेला असता. सरफोजीराजांनी मात्र विद्येची कास धरली. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी देशोदेशींच्या ग्रंथांनी समृद्ध केले, देवनागरी छापखाना घातला आणि धन्वंतरी महाल नावाची वैद्यकसंस्था उभारली. तेथे आयुर्वेदाचे वैद्य, युनानी हकीम, सिद्ध वैद्य आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे यांचे ज्ञान एकत्र आले. ज्ञान कोणाकडून येते यापेक्षा ते रोग्याच्या उपयोगी पडते की नाही, हे राजांनी पाहिले.

नेत्ररोगांकडे त्यांचे विशेष लक्ष होते. मॅकबीन नावाच्या युरोपीय डॉक्टरांचे त्यांना साहाय्य होते. १८२७ च्या सुमाराच्या रुग्णांच्या नोंदी सरस्वती महालात आजही जतन केलेल्या आहेत. रोग कोणता, उपचार काय केला, पुढे गुण किती आला, हे त्यांत लिहिलेले असून रोगी डोळ्यांची रंगीत चित्रेही काढून घेतलेली आहेत. विद्यार्थी मित्रहो, केलेले काम जसेच्या तसे लिहून ठेवणे ही शास्त्राची पहिली पायरी होय.

आता मोतीबिंदू म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या बाहुलीमागे एक स्वच्छ भिंग असते. वयोमानाने, मधुमेहाने किंवा मार लागल्याने ते गढूळ होते व उजेड आत पोहोचत नाही. हा गढूळपणा औषधाच्या थेंबांनी जात नाही. सुश्रुताच्या परंपरेतील वैद्य सुईने हे भिंग बाजूला सारीत. अकराव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमध्ये काम करणारे अम्मार इब्न अली अल्‌-मौसिली यांनी पोकळ सुईने ते शोषून काढण्याची रीत वर्णिली. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या दाव्हिएल यांनी डोळ्यास छेद देऊन भिंग बाहेर काढले.

सरफोजीराजांच्या काळी डोळा बधिर करण्याचे औषध नव्हते. ते १८८४ साली उपयोगात आले. रोग्याला सर्व वेदना जागेपणी सोसाव्या लागत. भिंग गेल्यावर त्याच्या जागी बसविण्यास दुसरे भिंग नव्हते; कृत्रिम भिंग प्रथम १९४९ साली लंडनमध्ये रिडले यांनी बसविले. तरीही माणसे शस्त्रक्रियेस तयार होत. त्यांची भीती खरोखरच सकारण होती.

वाचकहो, आपल्या भीतीला आज तेवढे कारण उरले आहे काय? आता थेंबांनी किंवा इंजेक्शनने डोळा बधिर करतात, दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग काढतात व नवे बसवितात. बहुतेक रोगी त्याच दिवशी घरी जातात. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे कारण राहिलेले नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते आणि त्याने डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर डोळा चोळू नये, थेंब वेळेवर घालावेत, आणि डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. पैशाची अडचण असल्यास जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. सरकारी योजनेतून ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे राज्य कंपनीने घेतले, पण त्यांनी जमविलेली विद्या कोणी घेऊ शकले नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना वेळीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे, एवढे जरी हा लेख वाचून एखाद्या मुलाने केले, तरी राजांचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.