समुद्र, थंडी आणि कुस्तो

डिसेंबरात गीझर बंद पडला की पहिला मग अंगावर घेण्याआधी आपण होस्टेलवाले पाच मिनिटं देवाचं नाव घेतो. मित्रांनो, ज्या माणसाने थंड पाण्याशी आयुष्यभर झुंज घेतली, त्याची ही ओळख.

झाक-इव्ह कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये झाला. १९३० साली ते नौदलाच्या अकादमीत दाखल झाले. त्यांना व्हायचं होतं वैमानिक. पण मोटार अपघातात दोन्ही हात जबर जखमी झाले आणि ते स्वप्न संपलं. हातांत पुन्हा बळ यावं म्हणून ते तुलाँच्या समुद्रात पोहू लागले. एका मित्राने पाण्यात घालायचा चष्मा दिला. त्यातून खालचं जग दिसलं, आणि आयुष्याची दिशाच बदलली!

दोन अडचणी होत्या, श्वास आणि थंडी. पहिली सुटली १९४३ मध्ये. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालत. त्यांचा व्हॉल्व्ह एमिल गान्यां या इंजिनिअरने सुधारला आणि दोघांनी मिळून ॲक्वालंग बनवलं.

थंडी मात्र चिवट होती. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. अंगाला ग्रीस चोळून पाहिलं, ते धुऊन जायचं. १९४६ मध्ये कुस्तोंनी आतल्या हवेचं आकारमान कायम ठेवणारा कोरडा सूट केला. सोपं उत्तर मिळालं १९५१-५२ च्या सुमारास, तेही अमेरिकेतल्या ह्यू ब्रॅडनर या फिजिसिस्टला. अंग कोरडं ठेवायची गरजच नाही! निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे ऊब राखतात, आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होतं. म्हणून वेटसूट घट्टच हवा. सैल असला तर गार पाणी आत-बाहेर करत राहतं. आणि दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात, सूट पातळ पडतो. म्हणजे खोल जाणाऱ्याने जाड सूट घ्यावा.

कुस्तोंचं 'कॅलिप्सो' जहाज तांबड्या समुद्राच्या उबेतही गेलं आणि १९७२-७३ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फातही. आजचा ढोबळ हिशोब असा: सत्तावीस अंशांच्या वर तीन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, वीस-पंचवीसच्या दरम्यान पाच, पंधरा-वीसला सात, दहाच्या खाली ड्राय सूट. मालवण-तारकर्लीला सीझनमध्ये तीन मिलिमीटर बहुधा पुरतो, पण ज्याला लवकर हुडहुडी भरते त्याने थोडा जाड मागावा. त्यात लाज कसली? गारठलेल्या माणसाची बोटं चालत नाहीत, मग डोकं चालत नाही. पाण्याखाली हे जिवावर बेतू शकतं.

१९५६ मध्ये त्यांच्या फिल्मला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच फिल्मसाठी त्यांच्या लोकांनी प्रवाळावर सुरुंग उडवले होते, हेही खरं. पुढे हाच माणूस समुद्र वाचवा म्हणून जगभर फिरला. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्याच्या बेताला त्यांनी जाहीर विरोध केला. १९७९ मध्ये मुलगा फिलीप विमान अपघातात गेला. ज्या आकाशाने बापाला नाकारलं, त्यानेच मुलगा नेला. तरीही कुस्तो थांबले नाहीत. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

धाडस म्हणजे उघड्या अंगाने उडी मारणं, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, आधी पाण्याचं तापमान विचारणारा माणूसच दुसऱ्या दिवशी पुन्हा उडी मारू शकतो.