विश्लेषण : शिंपले, चिंचोके आणि डब्यांची झाकणे… महागड्या खेळण्यांशिवाय मुले कशी शिकतात, हे दाखवणाऱ्या ताराबाई मोडक कोण होत्या?

बाहेर धो धो पाऊस, शाळेला सुट्टी आणि वन-रूम किचनच्या घरात चार वर्षांचे मूल. आई-बाबांपैकी एकाचे वर्क फ्रॉम होम सुरू. अशा वेळी मुलाच्या हातात मोबाइल जातो आणि घर शांत होते. लालबाग-परळच्या चाळीत आणि दादरच्या टॉवरमध्ये, दोन्हीकडे चित्र सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. तो जितका कमी तितका चांगला. प्रश्न असा, की मोबाइल काढून घेतला तर हातात द्यायचे काय? ‘एज्युकेशनल टॉय’ म्हणून विकले जाणारे खोके महाग असतात आणि दोन दिवसांत कोपऱ्यात पडतात. या प्रश्नावर एका मुंबईकर बाईंनी जवळपास अर्धे शतक काम केले. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाई मोडक कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरावर प्रार्थना समाजाच्या विचारांचा प्रभाव होता. गिरगावात आजही एका नाक्याला ज्याचे नाव आहे, तोच हा प्रार्थना समाज. मुलींनी शिकावे, हा त्या घरात वादाचा विषय नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर स्त्रिया किती कमी होत्या, हे लक्षात घेतले तर या गोष्टीचे वजन कळते.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. पदरात लहान मुलगी होती. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पद आणि प्रतिष्ठा दोन्ही होते. पण मोठ्यांना शिकवता शिकवता त्यांचे लक्ष लहान मुलांकडे वळले. स्वतःच्या मुलीला कसे वाढवायचे, हा प्रश्नही समोर होताच.

भावनगरमध्ये काय घडले?

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना मारिया माँटेसरी यांची पुस्तके हाती आली आणि ते वकिली सोडून बालशिक्षणात उतरले. ताराबाई प्राचार्यपद सोडून त्यांच्यासोबत काम करू लागल्या. मुलांना मारायचे नाही, धाक दाखवायचा नाही, बक्षिसाचे आमिषही दाखवायचे नाही. मुलाला काम निवडू द्यायचे आणि ते संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. छडीशिवाय शाळा ही कल्पनाच करता येत नव्हती, त्या काळात हे सुरू होते.

१९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षण पत्रिका या मासिकातून पालक आणि शिक्षकांपर्यंत हे विचार पोहोचू लागले. मराठी पत्रिकेची जबाबदारी ताराबाईंनी घेतली.

दादरशी त्यांचे नाते काय?

१९३६ मध्ये ताराबाई मुंबईत परतल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. मुलांसाठी बालमंदिर आणि सोबत शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर असे दुहेरी काम तिथे चाले. शिकलेल्या मध्यमवर्गाची ही वस्ती. पालकांना नव्या कल्पनांचे आकर्षण होते आणि फी परवडत होती. शिशुविहारचे नाव झाले. १९३९ मध्ये माँटेसरी स्वतः भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. त्यानंतर या पद्धतीचा शहरांमध्ये आणखी बोलबाला झाला.

इथेच थांबल्या असत्या, तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण हिशेब जुळत नव्हता. ही पद्धत जन्मली कुठे? १९०७ मध्ये, रोमच्या सान लोरेंझो या गरीब कामगार वस्तीत. भारतात मात्र ती पोहोचली फी भरू शकणाऱ्यांच्या घरी. ज्या मुलांना तिची सर्वाधिक गरज होती, तीच बाहेर राहिली.

माँटेसरी साहित्यात असे काय होते?

हे साहित्य म्हणजे साधी खेळणी नव्हेत. ती नेमक्या मापाची साधने आहेत. उदाहरणार्थ, गुलाबी मनोरा : दहा लाकडी ठोकळे, सर्वांत लहानाची बाजू एक सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची दहा. रंग एकच, आकार एकच, फरक फक्त मापाचा. त्यामुळे मुलाचे लक्ष एकाच गुणावर राहते. दुसरे उदाहरण दट्ट्यांचे : लाकडी पट्टीत वेगवेगळ्या मापांची भोके आणि प्रत्येक भोकात बसणारा एकच दट्ट्या. चुकीचा बसवला तर शेवटी एक उरतो. चूक मोठ्या माणसाने दाखवावी लागत नाही, वस्तूच ती दाखवते.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर फीडबॅक त्या वस्तूतच बसवलेला आहे. अडचण होती ती किमतीची. इतके अचूक लाकूडकाम स्वस्तात होत नाही. खेडेगावातल्या शाळेने असा संच आणायचा कुठून आणि एक दट्ट्या हरवला तर करायचे काय?

ताराबाईंनी या अडचणीकडे उलट बाजूने पाहिले. हा ठोकळा मुलाच्या हातात नेमके काय काम करतो? लहान-मोठे ओळखायला लावतो. मग तेच काम करणारे दुसरे काय आहे? गावात पैसे न मोजता काय मिळते?

बोर्डीत काय केले?

१९४५ च्या अखेरीस, त्रेपन्न वर्षांच्या ताराबाई दादरचे बस्तान सोडून बोर्डीला गेल्या. डहाणू तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. काळही साधा नव्हता. त्याच वर्षी या भागात वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा लढा पेटला होता. मुलांच्या खेळाबद्दल बोलायला हे ठिकाण निवडणे धाडसाचेच होते.

त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. वय पस्तीस. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या. एक घटस्फोटित, एक बालविधवा. समाजाने ज्यांना बाजूला सारले असते, अशा या दोघींनी पुढची अनेक वर्षे एकत्र काम केले.

बोर्डीत लाकडी संचाची जागा परिसरातल्या वस्तूंनी घेतली. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काटक्या, माती. लहान-मोठे शिंपले क्रमाने लावायचे, बिया मोजायच्या, पानांच्या जोड्या जुळवायच्या, मातीचे आकार करायचे. साधने मुलांच्या ओळखीची होती, त्यामुळे त्यांना हात लावायची भीती नव्हती. हरवली तर दुसरी आणता येत होती.

मुलेच आली नाहीत तर?

ही खरी कसोटी होती. गावात एक मध्यवर्ती बालवाडी सुरू केली की सगळी मुले येतील, हा अंदाज चुकला. दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले येत नव्हती. जातीची अडसर होती, अंतर होते आणि मोठी भावंडे कामावर गेलेली असायची. मग शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची. आधी हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आज देशभर रूढ झालेल्या या शब्दाचे मूळ याच प्रयोगात सांगितले जाते.

१९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित असेल तर त्याला सांभाळणारी सहा-सात वर्षांची ताई शाळेत बसू शकते, हे त्यामागचे साधे गणित. जी मुले गुरे चारायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतःचे निधन होईपर्यंत हे काम पुढे नेले.

यातले आपल्या घरी काय करता येईल?

ताराबाईंचे सूत्र घ्यायचे आणि आपल्या घरात काय आहे ते पाहायचे. मुंबईतल्या घरासाठी काही सोपे खेळ असे :

• डबे आणि झाकणे : एकात एक बसणारे पाच-सहा स्टीलचे डबे काढा आणि झाकणे वेगळी करून द्या. चुकीचे झाकण बसत नाही, त्यामुळे ‘चुकलं’ असे तुम्हाला सांगावे लागत नाही. दट्ट्यांचेच हे स्वयंपाकघरातले रूप.

• आवाजाच्या जोड्या : सहा रिकाम्या काड्यापेट्या घ्या. दोनमध्ये रवा, दोनमध्ये तूरडाळ, दोनमध्ये चिंचोके भरा आणि चिकटपट्टीने घट्ट बंद करा. हलवून, ऐकून जोड्या लावायच्या. मोठ्यांनाही वाटते तितके सोपे नाही.

• बटणांची उशी : जुन्या शर्टाची बटणपट्टी कापून जुन्या उशीच्या अभ्र्यावर शिवा. बटण लावणे-काढणे याचा सराव होतो आणि शाळेच्या सकाळी तुमची पाच मिनिटे वाचतात.

• शाडूची माती : परळ-लालबागच्या गणपती कारखान्यांमुळे ही माती आपल्या भागाला नवी नाही. गोळा, वळकटी, पणती एवढे पुरे. मूर्ती झालीच पाहिजे असा आग्रह नको. माती नसेल तर कणकेचा गोळा चालतो.

• पानांचा बाजार : शिवाजी पार्कात फेरी मारताना खाली पडलेली पाने गोळा करा. घरी आल्यावर लांब-आखूड, गुळगुळीत-खरखरीत असे गट करा. कागदाखाली पान ठेवून वरून खडू फिरवला की शिरा उमटतात.

एक सूचना महत्त्वाची. तीन वर्षांखालील मुले वस्तू तोंडात घालतात. त्यांच्यासाठी चिंचोके, बटणे, मणी टाळा. मोठ्या मुलांसोबतही लहान वस्तूंशी खेळताना मोठे माणूस जवळ असावे.

पालकांनी काय करू नये?

वस्तू बदलणे सोपे, स्वतःची सवय बदलणे अवघड. मूल झाकण लावत असते आणि आपण पटकन हात पुढे करतो. ताराबाईंच्या पद्धतीत मोठ्यांचे मुख्य काम पाहत राहणे हे आहे. खेळ एकदा दाखवायचा, तोही हळू आणि फार न बोलता. मग बाजूला बसायचे. मूल तोच खेळ दहा वेळा खेळले तर खेळू द्यायचे. सगळे डबे एकदम काढून ठेवण्यापेक्षा एका वेळी एकच खेळ द्यायचा आणि झाल्यावर मुलानेच तो जागेवर ठेवायचा.

आज हा विषय महत्त्वाचा का?

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आहार, लसीकरण यांचे मोठे काम तिने केले. पण त्या कामाच्या आणि नोंदवह्यांच्या ओझ्यात खेळातून शिक्षण मागे पडले आणि सेविका आजही वेतनावर नव्हे तर मानधनावर काम करतात. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला. २०२३ मध्ये त्यासाठी जादुई पिटारा हा खेळसाहित्याचा संचही आला. विचार तोच, फक्त आता तो पेटीत मिळतो.

पेटी मिळाली तर उत्तमच. पण ताराबाईंचा अनुभव सांगतो, की पेटी येईपर्यंत थांबायचे कारण नाही. त्यांना अंगण मिळाले, आपल्याकडे चाळीची गॅलरी आहे, इमारतीचा पॅसेज आहे. शेजारच्या दोन मुलांना बोलवा, पाच डबे मांडा आणि अर्धा तास मोबाइल लांब ठेवा. मुलाचा आणि आपलाही.