तुमच्या गाडीचा क्रँकशाफ्ट तुटू नये म्हणून डोकं लढवणारा अवलिया, ज्याचं म्हातारपण मात्र तंगीत गेलं!

गाडीचं बोनेट उघडून इंजिनाच्या पुढच्या बाजूला खाली पाहिलंत, तर बेल्ट फिरवणारी एक जाडजूड लोखंडी चकती दिसते. गॅरेजमध्ये तिला सरळ क्रँक पुली म्हणतात. पण मंडळी, बऱ्याच गाड्यांमध्ये ही नुसती पुली नसते! तिचं खरं नाव हार्मोनिक बॅलन्सर. ती खराब झाली की अनेक जण दिसायला सारखी आणि दोन पैसे स्वस्त अशी कुठलीही चकती आणून बसवतात. हे का महागात पडू शकतं ते समजून घ्यायचं, तर फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरची गोष्ट माहीत असायला हवी.

पदवी नाही, पण डोकं मात्र भन्नाट

फ्रेडरिक यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये झाला. आठ भावंडांमधले ते चौथे. वडील वास्तुविशारद होते. मोठा भाऊ हेन्री हाही त्याच वाटेने गेला. जोधपूरचा प्रसिद्ध उमेद भवन पॅलेस याच हेन्री लँचेस्टर यांच्या आराखड्यावर उभा राहिला आहे! फ्रेडरिक यांची ओढ मात्र यंत्रांकडे होती. साउदॅम्प्टन आणि लंडनमध्ये त्यांनी विज्ञान आणि अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं, पण पदवी न घेताच ते बाहेर पडले.

१८८९ च्या सुमारास ते बर्मिंगहॅममध्ये गॅसवर चालणारी इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात लागले. नोकरीच्या करारात एक अट होती. कामावर असताना लावलेला कुठलाही शोध कंपनीच्या मालकीचा होईल, अशी ती अट. विशीतल्या या पोराने सही करण्याआधी ती अट सरळ खोडून टाकली. पुढे गॅस इंजिन आपोआप सुरू करणारं यंत्र त्यांनी बनवलं आणि त्याचे हक्क विकून चांगली रक्कमही मिळवली.

स्पेअर पार्ट हा शब्दच जिथे नीट रुजला नव्हता...

१८९६ मध्ये लँचेस्टर यांची पहिली मोटार रस्त्यावर धावली. दुसऱ्या कुणाची नक्कल न करता त्यांनी ती पूर्णपणे स्वतःच्या डोक्याने आखली होती. तिच्या इंजिनात दोन क्रँकशाफ्ट होते आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरत, म्हणजे एकाचा हादरा दुसरा खाऊन टाकेल. थरथर हा त्यांचा जुना शत्रू होता तो असा!

१८९९ च्या अखेरीस त्यांनी भावांच्या साथीने कंपनी काढली. त्या काळात मोटारीचा प्रत्येक भाग कानस मारून, घासून त्या एकाच गाडीला बसवला जाई. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसेलच याची खात्री नसे. लँचेस्टर यांनी हट्ट धरला, की प्रत्येक भाग ठरलेल्या मापातच बनला पाहिजे आणि तो कुठल्याही गाडीला बसला पाहिजे. आज दुकानात जाऊन पार्ट नंबर सांगितला की तंतोतंत बसणारा सुटा भाग मिळतो. ब्रिटनच्या मोटार उद्योगात ही शिस्त आणणाऱ्यांमध्ये लँचेस्टर आघाडीवर होते.

१९०२ मध्ये त्यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग हा त्यांच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक. गाड्या नावाजल्या गेल्या, पण भांडवल तुटपुंजं होतं. १९०४ मध्ये कंपनी अडचणीत आली आणि पुन्हा नव्याने उभी करावी लागली. संचालकांशी खटके उडत होतेच. पुढे लँचेस्टर डेमलर कंपनीचे सल्लागार बनले.

चांगलं पोलाद वापरूनही शाफ्ट का तुटायचे?

त्या वर्षांत सहा सिलिंडरच्या इंजिनांची चलती सुरू झाली होती. आणि त्याच इंजिनांनी भल्याभल्या कंपन्यांना घाम फोडला. ठराविक वेगाला इंजिन भयंकर थरथरायचं आणि कधी कधी क्रँकशाफ्ट चक्क तुटायचा.

कारण समजायला सोपं आहे. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की क्रँकशाफ्टला फटका बसतो. ओलं फडकं पिळावं तसा तो अगदी किंचित पिळला जातो आणि परत सरळ होतो. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर असे फटके सेकंदाला ५० बसतात. आता झोपाळा आठवा. योग्य लयीत हलकासा धक्का देत राहिलं तरी झोका वाढतच जातो. शाफ्टच्या पिळण्याचीही स्वतःची एक लय असते. फटके त्या लयीशी जुळले की पीळ वाढत जातो आणि शेवटी पोलाद थकून तुटतं. सहा सिलिंडरचा शाफ्ट लांब, म्हणून जास्त लवचिक. त्यामुळे ही घातक लय नेमकी रोजच्या चालवण्याच्या वेगातच सापडायची.

लँचेस्टर यांनी १९१० मध्ये यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. शाफ्टच्या पुढच्या टोकाला त्यांनी एक छोटं फ्लायव्हील लावलं, पण घट्ट आवळून नाही. मध्ये तेलात बुडालेल्या चकत्या ठेवल्या. शाफ्ट एकसारखा फिरतो तोवर हे चाक त्याच्याबरोबर निमूट फिरतं. शाफ्टने झटका दिला की मात्र जड चाक तो झटका घेत नाही, आपल्याच वेगात राहतं. मधलं तेल घासलं जातं आणि थरथरीतली ताकद उष्णता बनून निघून जाते. रोल्स रॉइसचे हेन्री रॉइसही त्याच काळात याच प्रश्नाशी झुंजत होते, त्यामुळे श्रेयावरून वादही झाला. पण या प्रकारच्या डॅम्परला आजही लँचेस्टर यांचंच नाव आहे.

मग नवीन बॅलन्सर घेताना काय पाहायचं?

मोठ्या डिझेल इंजिनांमध्ये आजही घट्ट सिलिकॉन द्रव भरलेले डॅम्पर असतात. कारमध्ये मात्र बहुतेक वेळा मधला भाग, त्याभोवती रबराचं कडं आणि बाहेर जड लोखंडी कडं अशी रचना असते. रबर किती मऊ आणि बाहेरचं कडं किती जड, हे त्या विशिष्ट इंजिनाच्या लयीनुसार ठरवलेलं असतं. म्हणूनच दिसायला सारखी चकती कामाला सारखी असेलच असं नाही.

रबर उष्णतेने आणि तेलाने खराब होतं. त्याला चिरा पडणं, ते बाहेर येणं, इंजिन चालू असताना चकती डगमगताना दिसणं, बेल्ट वारंवार उतरणं ही त्याची लक्षणं. बाहेरचं कडं सरकलं तर त्याच्यावरची टायमिंगची खूणही चुकीची जागा दाखवते.

नवीन घेताना गाडीच्या नावावर न जाता इंजिनाचा कोड आणि पार्ट नंबर जुळवा. बाहेरचा व्यास, बेल्टच्या खाचांची संख्या आणि बेल्टची रेष तपासा. काही इंजिनांचा तोल साधायला बॅलन्सरवरच एका बाजूला जादा वजन दिलेलं असतं. तिथे साधा बॅलन्सर लावला, तर तोल बिघडलाच म्हणून समजा. वजन कमी करण्याच्या नादात रबर नसलेली हलकी ॲल्युमिनियमची पुली लावणं म्हणजे लँचेस्टर यांचा उपाय काढून फेकणं.

आणि हो, जुना बॅलन्सर पुलरने काढावा, नवा योग्य हत्याराने दाबून बसवावा. हातोड्याने ठोकून नव्हे! त्याच वेळी मागचं ऑइल सील पाहून घ्यावं. काही गाड्यांत बोल्टही नवाच लावावा लागतो.

जगाने घेतलं, त्यांना उशिरा दिलं

लँचेस्टर मोटारीपुरते थांबले नाहीत. पंखावर हवा विमान कसं उचलते, यावरचा त्यांचा शोधनिबंध १८९७ मध्ये नाकारला गेला. त्यांनी चिकाटीने १९०७ आणि १९०८ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिले. युद्धात संख्याबळाचा परिणाम कसा वाढतो, याचं गणितही त्यांनी मांडलं. ते आजही लष्करी अभ्यासात शिकवलं जातं. चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मोडणारे त्यांचे बॅलन्स शाफ्ट तर १९७० च्या दशकात मित्सुबिशीने पुन्हा वापरात आणले.

मानसन्मान मिळाले. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९३१ मध्ये गुगेनहाइम पदक मिळालं. पैसा मात्र टिकला नाही. १९२५ मध्ये त्यांनी काढलेला लाउडस्पीकरचा धंदा बुडाला. डेमलरचं काम सुटलं. त्यांच्या नावाची मोटार कंपनीही दुसऱ्यांच्या हाती गेली. पुढे पार्किन्सनने गाठलं, हात थरथरू लागले. इंजिनाची थरथर शांत करणाऱ्या माणसावर ही वेळ यावी! शेवटी संस्थांनी दिलेल्या मदतीच्या बळावरच पत्नी डोरोथिया आणि ते स्वतःच्या घरात राहू शकले. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅममधल्या त्याच घरात त्यांचं निधन झालं.

मंडळी, पुढच्या वेळी मेकॅनिकने क्रँक पुली बदलायला सांगितली, तर फक्त किंमत विचारू नका. ती नेमकी तुमच्या इंजिनासाठीच बनली आहे का, हेही विचारा.